जाहिरात आठवते, पण वस्तू कोणती होती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टीव्हीवरच्या काही जाहिराती पुन्हा लागल्या तरी आपण हसत पाहतो, काही सुरू होताच हात रिमोटकडे जातो, आणि तरीही या दुसऱ्या जातीच्या जाहिराती वर्षानुवर्षे चालू राहतात. मग जाहिरात चतुर, त्रासदायक किंवा परिणामकारक नेमकी कशामुळे होते, आणि डोके उठवणारी जाहिरात खरोखर माल विकते का? मुंबईतल्या जाहिरात संस्थांमध्ये मी आधी संहिता लिहिण्याचे आणि नंतर नियोजनाचे काम केले आहे. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

सुरुवातीलाच एक घोळ दूर केला पाहिजे. ही तीन विशेषणे एकाच तराजूत तोलता येत नाहीत. जाहिरात चतुर आहे की त्रासदायक, याचा निकाल घरी टीव्हीसमोर, तीस सेकंदांच्या आत लागतो आणि तो प्रेक्षक देतो. ती परिणामकारक ठरली की नाही, याचा निकाल वाण्याच्या दुकानात, कधी दोन दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी लागतो आणि तो गिऱ्हाईक देते. माणूस तोच असला तरी या दोन क्षणी त्याच्या मनात चाललेले विचार अगदी निराळे असतात. म्हणूनच सर्वांना आवडलेली पण काही न विकणारी जाहिरात आणि सर्वांनी नाके मुरडलेली पण कंपनीचा गल्ला भरणारी जाहिरात, अशा दोन्ही तऱ्हा बाजारात सुखाने नांदतात.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. दूरदर्शनने १९७६ मध्ये जाहिराती घ्यायला सुरुवात केली, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, आणि नेमक्या याच काळात अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांची निरमा पावडर सर्फच्या तुलनेत कितीतरी कमी किमतीत घराघरांत शिरत होती. निरमाच्या जाहिरातीत युक्तिवाद असा काहीच नव्हता. पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी, हेमा, रेखा, जया आणि सुषमा ही चार शेजारणींसारखी नावे, आणि वस्तूचे नाव इतक्या वेळा घेणारी चाल की तिसऱ्या दिवशी घरातले लहान मूल ती गुणगुणत असे. किंमतच इतकी बोलकी होती की जाहिरातीने फक्त नाव लक्षात ठेवायला लावायचे होते, आणि ते तिने चोख केले.

सर्फपुढची अडचण त्याहून अवघड होती. महाग वस्तू विकणाऱ्याने किमतीचा विषय टाळायचा असतो, असा या धंद्यातला रूढ समज आहे. लिंटास या संस्थेत अलेक पदमसी यांच्या देखरेखीखाली १९८४ च्या सुमारास झालेल्या ललिताजींच्या जाहिरातीने नेमके उलट केले. कविता चौधरी यांनी साकारलेली ही गृहिणी आपल्याला आधी भाजी घेताना दिसते, म्हणजे पैशाचा हिशेब तिला कळतो हे कोणी न सांगता सिद्ध होते. मग पडद्यावर न दिसणारा एक पुरुषी आवाज तिला खोचकपणे विचारतो की एवढी काटकसर करता, तर मग महाग सर्फ का घेता? प्रेक्षकाच्या मनातला आक्षेप असा जाहिरातीनेच बोलून दाखवला. तिचे उत्तर भावनिक नाही, अंकगणिती आहे: अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचे काम करते, आणि स्वस्त वस्तू व चांगली वस्तू यांत फरक असतो. शेवटी ‘सर्फ की खरीदारी में ही समझदारी है’ हे वाक्य येते. त्यातला भर कपड्यांच्या शुभ्रतेवर मुळीच नाही, घेणारीच्या शहाणपणावर आहे.

ललिताजी पुष्कळांना शिष्ट आणि फटकळ वाटली. तिच्या नकला झाल्या, तिच्यावर विनोद झाले. पण तो फटकळपणा काढून तिला गोड हसणारी केली असती, तर ‘मला फसवणे सोपे नाही’ ही तिची सगळी पुण्याईच गेली असती. तेव्हा एकच जाहिरात एकाच वेळी चतुर, थोडी त्रासदायक आणि परिणामकारक असू शकते. मात्र परिणामालाही मर्यादा होती, हे जाहिरातवाले सहसा सांगत नाहीत. सर्फ घेणाऱ्या घरांना आपण मूर्ख ठरत नाही एवढा दिलासा ललिताजीने दिला. ज्यांच्या महिन्याच्या हिशेबात सर्फ बसतच नव्हते त्यांना ती ओढू शकली नाही, आणि त्यांच्यासाठी सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरला १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील ही वेगळी स्वस्त पावडर आणावी लागली.

आता चतुराईविषयी. संहिता वाचताना मी एक साधा प्रश्न विचारत असे: यातून वस्तू काढून घेतली, तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल, तर चतुराई भलत्याच ठिकाणी खर्च झाली आहे. प्रसून पांडे यांनी दिग्दर्शित केलेली फेव्हिकॉलची बसची जाहिरात या कसोटीवर पाहावी. राजस्थानच्या वाळवंटातून एक बस खडखडत चाललेली आहे, टपावर, शिडीवर, खिडक्यांना, जिथे बोट अडकेल तिथे माणसे चिकटलेली आहेत, रस्ता गचके देतो आहे, पण एकही माणूस पडत नाही. संवाद नाही, गाणे नाही, गोंदाचे गुणवर्णन नाही. बस पुढे निघून जाते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला फेव्हिकॉलचा फलक दिसतो. तो फलक झाकून पुन्हा पाहिले, तर उरते केवळ गर्दीने भरलेली बस आणि प्रेक्षक म्हणेल, ‘बरं, मग?’ विनोदाची किल्ली वस्तूच्या हातात आहे, त्यामुळे विनोद आठवला की वस्तू आठवतेच. या जाहिरातीला २००२ मध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवात पारितोषिक मिळाले, पण माझ्या दृष्टीने तिचे खरे यश वेगळे आहे. दोन माणसांची घट्ट मैत्री किंवा खुर्ची न सोडणारा पुढारी यांच्याबद्दल बोलताना आपल्याकडे लोक सर्रास फेव्हिकॉलचे नाव घेतात.

इथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. फेव्हिकॉल घरमालक रोज विकत घेत नाही, सुतार घेतो. १९५९ मध्ये ते बाजारात आले तेव्हा सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ, वापरत असत, तो तापवून पातळ करण्याचा उपद्व्याप करावा लागे, आणि कंपनीने आरंभी थेट सुतारांकडेच जाऊन तयार पांढरा गोंद त्यांच्या गळी उतरवला. मग टीव्हीवर सर्व कुटुंबासाठी विनोद करण्याचे कारण काय? कारण सुताराला पैसे देणारा घरमालक ‘फेव्हिकॉलच वापरा हं’ असे सांगू लागला की सुताराला दुसरा डबा आणणे अवघड होते. म्हणजे ज्या प्रेक्षकासाठी जाहिरात केली तो खरेदीदार नव्हता, पण खरेदीवर त्याचा हात होता. नियोजनात हा हात ओळखण्यालाच निम्मी बुद्धी लागते, आणि संहिता कितीही उत्तम असली तरी इथे चूक झाली की सगळे व्यर्थ जाते.

चतुराईचा दुसरा प्रकार म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूला देह देणे. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीने एका लहान मुलाच्या मागे सर्वत्र निमूट जाणारा पग जातीचा कुत्रा दाखवला. मोबाइलचे नेटवर्क दाखवायचे म्हटले की तोपर्यंत मनोरे, नकाशे आणि लहरींची वर्तुळे यांच्यापलीकडे कोणाची कल्पना जात नसे. इथे नेटवर्क म्हणजे तो कुत्राच होता, आणि ‘तुम्ही जाल तिथे आम्ही येतो’ हे आश्वासन मुलालाही समजत होते. कल्पना किती पक्की बसली होती याचा पुरावा २००७ मध्ये मिळाला. कंपनीचे नाव बदलून व्होडाफोन झाले, तेव्हा त्याच कुत्र्याला गुलाबी खोपट्यातून निघून लाल खोपट्यात जाताना दाखवून तो सगळा बदल ग्राहकांना सांगता आला.

उलट बाजू रोज दिसते. मोठा नट किंवा क्रिकेटपटू घेतला जातो, त्याच्या लोकप्रिय हावभावांभोवती संहिता विणली जाते, प्रेक्षक ती आवडीने पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी विचारले तर म्हणतो, ‘ती त्या अमक्याची जाहिरात पाहिली का?’ कशाची, ते मात्र सांगता येत नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार. तोच चेहरा त्याच ब्रेकमध्ये बनियन, सिमेंट आणि थंड पेय अशा तीन वस्तू घेऊन आला, तर प्रेक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. तारांकित चेहऱ्याने जाहिरातीकडे लक्ष वेधले जाते हे खरे, परंतु वेधलेले लक्ष वस्तूकडे वळवण्याचे काम संहितेचेच असते आणि नटाच्या मानधनानंतर संहितेकडे पाहायला कोणाला सवड उरत नाही.

लेखक आणि दिग्दर्शकांची आणखी एक खोड म्हणजे नाव शेवटच्या दोन सेकंदांपर्यंत लपवून ठेवणे. कंपनीचे लोक बैठकीत ‘लोगो थोडा मोठा करा, पुडा आधी दाखवा’ म्हणतात, त्यावर संस्थांमध्ये पाठीमागे भरपूर हसले जाते. पण स्वयंपाकघरातून अर्ध्या कानाने ऐकणाऱ्या प्रेक्षकाचा विचार केला, तर त्या बिचाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. त्यातच तीस सेकंदांची फिल्म पहिले काही आठवडे चालते आणि पुढे पैसे वाचवण्यासाठी तिचे वीस आणि दहा सेकंदांचे तुकडे लावले जातात. विनोदाची पूर्वतयारी कापली जाते आणि शेवटचा टोला तेवढा राहतो. ज्याने मूळ फिल्म पाहिली नाही त्याला कोणीतरी अचानक किंचाळून हसल्यासारखे वाटते. पुष्कळशा ‘मूर्खपणाच्या’ जाहिराती म्हणजे चांगल्या जाहिरातींचे असे कापलेले अवशेष असतात.

यावरून त्रासाच्या मुद्द्याकडे वळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की त्रासाचा मोठा भाग फिल्ममध्ये नसतो, तिच्या वेळापत्रकात असतो. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे, त्यांतली दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. ही मिनिटे कशी भरली जातात ते प्रेक्षकाला दिसत नाही. विशिष्ट मालिकेतली विशिष्ट जागा विकत घेणे महाग असते. त्याऐवजी ‘दुपारी बारा ते सहा यांमध्ये कुठेही लावा’ अशा बोलीवर घाऊक सेकंद स्वस्तात मिळतात, आणि वाहिनी ते आपल्या सोयीने, म्हणजे जिथे जागा रिकामी राहिली असेल तिथे टाकते. त्यावर सवलतीचे फुकट सेकंद येतात, प्रायोजकत्वाबरोबर ‘सादरकर्ते’ म्हणून येणाऱ्या छोट्या पट्ट्या येतात, आणि काही जाहिरातदार मुद्दाम ब्रेकच्या आरंभी व शेवटी अशा दोन जागा घेतात. परिणामी एकाच ब्रेकमध्ये तीच गृहिणी तोच डाग तीन वेळा धुते. हे कोणी ठरवून केलेले नसते, पण ते होऊ नये म्हणूनही कोणी ठरवलेले नसते. मोबाइलवर सामने पाहताना हाच अनुभव अधिक तीव्र होतो, कारण तिथे जाहिरातदार थोडे आणि ब्रेक असंख्य असतात, आणि एका माणसाला एक जाहिरात किती वेळा दाखवायची याची मर्यादा घालण्याची सोय असूनही ती नीट वापरली जात नाही.

या दुखण्यावर इलाज आहे, आणि तो एकदा झोकात करून दाखवला गेला आहे. २००९ ची आयपीएल लोकसभा निवडणुकीमुळे दक्षिण आफ्रिकेत झाली. तिच्या काळात व्होडाफोनने झूझू आणले. ती पांढरी, मोठ्या डोक्याची पात्रे संगणकावर काढलेली असावीत असे बहुतेकांना वाटले, प्रत्यक्षात ती पोशाख चढवलेली माणसे होती आणि चित्रण केपटाउनमध्ये झाले होते. परंतु खरी चतुराई पोशाखात नव्हती. रोज सामना म्हणजे रोज तोच प्रेक्षक, हे ओळखून सुमारे तीस वेगवेगळ्या फिल्म तयार ठेवल्या होत्या आणि जवळजवळ रोज नवी दाखवली जात होती. खर्चाची विभागणीच बदलली होती: एका भव्य फिल्मऐवजी पुष्कळ साध्या फिल्म. त्यामुळे जाहिरात वारंवार दिसूनही लोक कंटाळले नाहीत, उलट आज कोणती नवी येते याची वाट पाहू लागले. इतर जाहिरातदारांनी यातून झूझूंसारखी विचित्र पात्रे उचलली, फिल्मची संख्या मात्र उचलली नाही.

त्रासाचे दुसरे कारण आवाज. मालिका चालू असताना नीट लावलेला आवाज ब्रेक लागताच अंगावर येतो, ही तक्रार खरी आहे. मालिकेत कुजबुज आणि आरडाओरडा यांत मोठे अंतर असते. जाहिरातीच्या ध्वनिमुद्रणात मात्र हळू भाग उचलून मोठ्या भागाच्या जवळ आणले जातात, म्हणून मोजमापात कमाल पातळी तेवढीच असली तरी सरासरीने कानाला ती जोरात लागते. आपल्याकडच्या नियमांतही जाहिरात अवाजवी कर्कश नसावी असे म्हटलेले आहे. अमेरिकेने २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. तांत्रिकदृष्ट्या हे आवरणे मुळीच कठीण नाही.

मराठी प्रेक्षकाला आणखी एक त्रास सोसावा लागतो. देशभरासाठी फिल्म हिंदीत बनते, मराठीसाठी वेगळा खर्च मंजूर नसतो, आणि चित्रण झाल्यावर अगदी शेवटी कोणाला तरी ओठांच्या हालचालींत बसेल असे मराठी लिहायला सांगितले जाते. ओठ बसवण्याच्या नादात वाक्य असे काही वाकते की कोणत्याही घरातली आई आपल्या मुलाशी तसे बोलणार नाही. तोंड दिल्लीचे आणि आवाज दादरचा, हे प्रेक्षकाला दुसऱ्याच सेकंदाला कळते. यापेक्षा चित्रणाच्या दिवशीच दोन-चार वाक्ये मराठीत घेणे किंवा संवादच कमी ठेवणे परवडते. फेव्हिकॉलची बस आणि हचचा कुत्रा कोणत्याही भाषेत चालले, त्याचे एक कारण त्यांत बोलणे जवळजवळ नव्हते हेच आहे.

या सगळ्याहून निराळा आणि गंभीर प्रकार म्हणजे प्रेक्षकाला कमी लेखणारी जाहिरात. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या फेअर ॲण्ड लव्हलीच्या जाहिरातींनी सावळ्या मुलीला नोकरी आणि स्थळ मिळत नाही, आणि मलम लावल्यावर दोन्ही मिळतात, हीच गोष्ट अनेक वर्षे सांगितली. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने आवाज उठवल्यावर २००३ मध्ये त्यांतल्या काही जाहिराती थांबल्या, आणि २०२० मध्ये उत्पादनाच्या नावातला ‘फेअर’ हा शब्दही गेला. परंतु मधल्या काळात ते उत्पादन भरपूर खपत होते, हे नाकारता येणार नाही. अपमान करूनही जाहिरात विकू शकते, विशेषतः जेव्हा तो अपमान समाज आधीपासून करतच असतो. तेव्हा ‘परिणामकारक’ हे प्रशस्तिपत्र नव्हे. ते फक्त एक मोजमाप आहे.

मग नुसती कटकट करणारी, म्हणजे नाव कानीकपाळी ओरडणारी जाहिरात का विकते? अमेरिकेत १९५०च्या दशकात रॉसर रीव्हज यांनी ॲनासिन या डोकेदुखीच्या गोळीसाठी केलेली जाहिरात याचा आद्य नमुना मानतात. डोक्याच्या आकृतीत हातोडा आपटतो आहे, स्प्रिंग ताणली जाते आहे, वीज कडाडते आहे, आणि तेच दावे पुन्हा पुन्हा. लोकांना ती असह्य वाटे, पण स्वतः रीव्हज यांनी दिलेल्या आकड्यांनुसार दीड वर्षात विक्री तिपटीने वाढली. कारण मानसशास्त्रात सापडते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आली तरी तिच्याविषयी अनुकूलता वाढते, तिच्याबद्दल काही चांगले सांगावे लागत नाही. दुकानात साबण किंवा गोळी मागताना आपण विचार करत नाही, ओठांवर येते ते नाव सांगतो. ऐकलेले नाव आणि भरवशाचे नाव यांतला फरक त्या क्षणी पुसला जातो, आणि ज्या जाहिरातीला शिव्या घातल्या तीच बोलून जाते. मात्र याला एक अट आहे: वस्तू स्वस्त हवी, नेहमी लागणारी हवी आणि चुकली तरी फारसे न बिघडणारी हवी. विमा, सोने, मुलांचे शिक्षण अशा खरेदीत माणूस चार जणांना विचारतो. तिथे कटकटीतून जमलेला वैताग आठवतो आणि नडतो.

शिवाय वारंवारता म्हणजे कर्कशपणा नव्हे. विको ही मूळची मुंबईची, पेंढरकर कुटुंबाची कंपनी. ‘विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक’ हे जिंगल पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनही ते कोणाला टोचत नाही, आणि गंमत म्हणजे आपले मलम सौंदर्यप्रसाधन आहे की आयुर्वेदिक औषध, यावरून कंपनीचा अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला होता, त्यातली कंपनीची भूमिकाच त्या ओळीत गायली जात होती. लिज्जत पापडाचा ससाही असाच. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा तो बाहुला आणि त्याचे ते कुर्रम कुर्रम हसणे शेकडो वेळा ऐकले तरी मुले थांबून पाहत, कारण तो आवाज पापडाचाच होता. चाल आणि वस्तू यांचे नाते असले की पुनरावृत्ती सुसह्य होते.

मराठीत परिणामकारक जाहिरातीचे उदाहरण मागितले, तर मी मोती साबणाचे देईन. हा गोल, जाडजूड, गुलाब आणि चंदनाच्या वासाचा साबण मूळचा टाटा ऑइल मिल्सचा, १९९३ मधल्या विलीनीकरणानंतर तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला. वर्षभर तो फारसा कोणी वापरत नाही, महाराष्ट्रात तो दिवाळीत उटण्याबरोबर आणला जातो. कोणत्याही उत्साही व्यवस्थापकाला अशा वेळी ‘आता हा बारा महिने विकू या’ असे वाटले असते. जाहिरातीने तो मोह टाळला. पहाटेच्या अंधारात दारोदारी जाऊन ‘उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली’ म्हणत सगळ्यांना उठवणारे आजोबा तिने दाखवले. विद्याधर करमरकर यांनी साकारलेले हे अलार्म काका साबणाचा एकही गुण सांगत नाहीत. नरकचतुर्दशीला उजाडण्याआधी अभ्यंगस्नान झालेच पाहिजे आणि घरातले कोणीतरी वडीलधारे सर्वांना उठवतेच, ही प्रत्येक मराठी घरातली गोष्ट त्यांनी फक्त साबणाच्या नावाला जोडली. जाहिरात लागण्याची वेळ, खरेदीची वेळ आणि वापराची वेळ ही तिन्ही एकाच पंधरवड्यात येतात, त्यामुळे आठवण आणि पिशवी यांत अंतरच पडत नाही. पुढे लोकच ती ओळ दिवाळीच्या शुभेच्छा म्हणून एकमेकांना पाठवू लागले, कोणाला उशिरा उठण्यावरून चिडवायला वापरू लागले. ही प्रसिद्धी कंपनीने विकत घेतलेली नव्हती. संहितेकडे पाहिले तर तीत चमकदार कल्पना नाही, विनोदही बेताचा आहे, आणि तरीही तिच्याइतकी नेमकी मराठी जाहिरात मला सांगता येणार नाही.

जाहिरातीच्या ताकदीबाहेरच्या गोष्टींचाही विचार करावा लागतो. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. या कंपनीपाशी १९९४ पासूनची, क्रिकेटच्या मैदानावर नाचत धावणाऱ्या मुलीची, ओगिल्वी या जाहिरात संस्थेतल्या पीयूष पांडे यांनी लिहिलेली अत्यंत लाडकी जाहिरात होती. त्या लाडाने विक्रीची घसरण थांबली नाही. आधी वेष्टन बदलून ते हवाबंद करण्यात आले, दुकानदारांकडच्या साठवणीकडे लक्ष दिले गेले, आणि त्यानंतर २००४ च्या आरंभी अमिताभ बच्चन यांना पुढे आणले गेले. इथे मोठा चेहरा शोभला, कारण प्रश्न चवीचा नव्हता, विश्वासाचा होता, आणि सांगण्यासारखे काहीतरी खरोखर बदललेले होते. हाच चेहरा वेष्टन न बदलता आणला असता, तर कंपनी आणि अभिनेता दोघांचेही हसे झाले असते.

परिणाम मोजतात कसा, हेही थोडे सांगतो. खप वाढला म्हणजे जाहिरात चालली असे नसते. त्याच महिन्यात किंमत उतरलेली असते, प्रतिस्पर्ध्याचा माल दुकानांत पोहोचलेला नसतो, किंवा सण असतो. त्यातल्या त्यात भरवशाची पद्धत म्हणजे बाकी सर्व सारखे ठेवून जाहिरात एका राज्यात लावायची, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हीकडच्या दुकानांतली विक्री ताडून पाहायची. प्रादेशिक भाषांच्या वाहिन्यांमुळे हे आपल्या देशात सहज जमते, पण त्याला धीर लागतो आणि विपणन विभागात तीन महिन्यांचा धीर क्वचितच असतो. म्हणून मग ‘जाहिरात आवडली का’ असे दोनशे जणांना विचारून समाधान मानले जाते. आवडली का, हा प्रश्न सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत निरुपयोगी. त्याऐवजी जाहिरात पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ती आपल्या शब्दांत सांगायला लावावी आणि सांगताना वस्तूचे नाव कितव्या वाक्यात येते ते पाहावे. घरबसल्या कोणालाही हे करून पाहता येईल.

त्रासदायक जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते का, हा प्रश्न ओघाने येतोच. जाहिरातीत खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा असेल, ती अश्लील असेल किंवा मुलांना घातक कृतीकडे वळवत असेल, तर १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. २०१५ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीची, आपल्या नेटवर्कला हरवून दाखवण्याचे आव्हान देणारी सततची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून ती बदलण्यास किंवा मागे घेण्यास याच संस्थेने सांगितले होते. लोक त्या जाहिरातीला आधीच कंटाळले होते, पण ती अडकली ती दाव्यावर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते, आणि त्यातून जाहिरात करणारा नटही सुटत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना वाहिनी, तारीख, वेळ आणि आक्षेपार्ह वाक्य जसेच्या तसे लिहून द्यावे. कंटाळा, पुनरावृत्ती किंवा वाईट डबिंग यांची दखल मात्र यांतली कोणतीही यंत्रणा घेत नाही. त्यासाठी कंपनीच्या ग्राहक विभागालाच लिहावे. अशी पत्रे फार थोडी येतात, त्यामुळे आलेली वाचली जातात.